स्की टूरिंगचे हलके बूट: बायकांनी निवडताना काय बघावं

म्यूनिकमध्ये राहून दोन-तीन हिवाळे पिस्टवर, म्हणजे लिफ्टच्या आखून दिलेल्या उतारांवर, स्की करायला शिकलं, की बऱ्याच जणींना लिफ्टची रांग आणि दिवसाच्या तिकिटाचा दर, दोन्हींचा कंटाळा येतो. मग कोणीतरी मैत्रीण म्हणते, टूरिंगला चल. स्कीच्या तळाला स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, चिकटवायच्या, टाच मोकळी ठेवून डोंगर चढायचा, माथ्यावर स्किन्स काढून टाच अडकवायची आणि उतरायचं. सह्याद्रीत गड चढलेल्या बाईला चढाचं फारसं काही वाटत नाही. तिचा घात बूट करतात.

या एका बुटाला दोन उलटी कामं करायची असतात. चढताना घोटा मोकळा हलला पाहिजे, उतरताना तोच घोटा गच्च धरला गेला पाहिजे. शिवाय बूट हलका हवा, उबदार हवा आणि तुमच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या यंत्रणेत, बसणारा हवा. हे सगळं एकाच बुटात पूर्णपणे कधीच मिळत नाही. म्हणून काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं आणि ते दुकानात जाण्यापूर्वी ठरवलेलं बरं.

लाल, म्हणजे मध्यम अवघड, पिस्टवरून समांतर वळणं घेत सुरक्षित उतरता येणाऱ्या आणि आता पहिले स्वतःचे टूरिंग बूट घेणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे. हिमस्खलनाचं प्रशिक्षण, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र), प्रोब (शोधायची लांब काठी) आणि फावडं हा वेगळा विषय आहे, पण बुटांआधीचा आहे.

आधी डोंगर ठरवा

टूरिंग बुटांचे वजनावरून चार ढोबळ गट पडतात. खाली दिलेली वजनं एका बुटाची आहेत.

शर्यतीचे बूट अर्धा ते पाऊण किलोचे. २०२६ च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंगचा पहिल्यांदाच समावेश झाला आणि तेव्हापासून हे कार्बनचे सडपातळ बूट बघून अनेक जणी हरखतात. नवख्या बाईने त्यांच्याकडे बघावं आणि पुढे जावं. ते पातळ असतात, थंड असतात, आणि उतरताना चूक माफ करत नाहीत.

दुसरा गट साधारण एक ते सव्वा किलोचा. स्कार्पाचा एफ१, ॲटॉमिकचा बॅकलँड, ला स्पोर्टिवाचा स्कॉर्पियस हे या घरातले. तिसरा सव्वा ते दीड किलोच्या आतला, सगळीकडे चालणारा गट: स्कार्पाचा गेया, डायनाफिटचा रॅडिकल प्रो, टेक्निकाच्या झीरो जी मालिकेतले काही बूट. चौथा फ्रीराइडचा, म्हणजे पिस्टबाहेर जोरात उतरण्यासाठीचा, दीड किलो आणि त्यावर. हे उतरायला मस्त, चढायला जड. नुसत्या पिस्टसाठीचा साधा बूट सहसा याहूनही जड असतो आणि त्याचा घोटा मोकळा होतच नाही.

म्यूनिकहून दिवसाभरात होणाऱ्या टूर, म्हणजे टेगर्नझेजवळचा हिर्शबर्ग, श्पिट्झिंगझेचा रोटवांड, लेंग्रीसचा ब्राउनेक, यांत चढ साधारण सातशे ते हजार मीटरचा असतो आणि उतरणीला बर्फ कधी भुसभुशीत, कधी लाकडासारखा. अशा टूरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या सीमेवरचा बूट, म्हणजे अकराशे ते तेराशे ग्रॅमचा, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याहून हलका घेतला तर उतरण्याचा आत्मविश्वास यायच्या आत भीती बसते. त्याहून जड घेतला तर तिसऱ्या टूरला घरी बसावंसं वाटतं. ऑस्ट्रियातल्या झेलराइन खोऱ्यात किंवा पुढे कधी शामोनी ते झरमॅटच्या ओत रूटवर जायचं स्वप्न असेल तरी याच वजनाचे बूट चालतात.

वजनाचा आकडा कसा वाचायचा

वजन महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. हिशेब करून बघा. पंधरा अंशांच्या वाटेने हजार मीटर चढायचं तर अंतर जवळजवळ चार किलोमीटर होतं. साठ सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर सुमारे ६,४०० पावलं, म्हणजे प्रत्येक पायाची ३,२००. एका बुटात तीनशे ग्रॅमचा फरक असेल, तर माथ्यावर पोचेपर्यंत तेवढ्यानेच प्रत्येक पायाने एकूण ९६० किलो जास्तीचे पुढे ढकललेले असतात. चालण्यावरच्या अभ्यासांत पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं असं दिसलं आहे. स्की उचलायची नसते, सरकवायची असते, म्हणून टूरिंगमध्ये फरक थोडा सौम्य होतो, पण मांड्यांना कळतोच.

तरीही खोक्यावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो एका ठरावीक मापाच्या बुटाचा असतो. बायकांच्या मॉडेलसाठी बहुधा २४.५ च्या आसपासचं माप धरतात आणि पुरुषांच्या मॉडेलसाठी २६.५ किंवा २७.५. म्हणून ‘बायकांचा बूट शंभर ग्रॅमने हलका’ अशी जाहिरात दिसली, तर तो शंभर ग्रॅमचा फरक नुसता लहान मापाचाही असू शकतो. काही कंपन्या तळव्याखालचा सुटा इनसोल धरत नाहीत, काही कफच्या, म्हणजे पोटरीभोवतीच्या वरच्या भागाच्या, पट्ट्याचं वजन धरत नाहीत. शंका आली तर दुकानातल्या वजनकाट्यावर बूट ठेवायला सांगा. बहुतेक टूरिंगच्या दुकानांत काटा असतो आणि असा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तिथे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

आणखी एक गोष्ट, जी वजनापेक्षाही जास्त जाणवते: वॉक मोडमध्ये, म्हणजे चढण्यासाठी लीव्हर उघडून घोटा मोकळा केल्यावर, कफ किती सहज फिरतो. चांगल्या हलक्या बुटात तो एकूण साठ अंशांच्या आसपास किंवा जास्तच मागे-पुढे फिरतो. पण अंश हा कागदावरचा आकडा. खरा प्रश्न असा की फिरताना तो अडखळतो का, आणि लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, त्याला मागे ओढतो का. बाराशे पन्नास ग्रॅमचा सुळसुळीत बूट अकराशे ग्रॅमच्या करकरणाऱ्या बुटापेक्षा दिवसाच्या शेवटी हलका वाटतो. सपाट जंगलवाटेवर लांब पाऊल टाकताना कफ मागे गेला पाहिजे आणि उभ्या चढावर किक टर्न घेताना, म्हणजे जागेवरच एकेक स्की उचलून वळताना, पुढे. दोन्ही तपासा.

पाय मोजा, जुन्या बुटाचं माप विसरा

स्कीच्या बुटांचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. पाय २४ सेंटिमीटरचा तर बूट २४. आपल्याकडचा पाच नंबर, इथला अडतीस, यांचा इथे उपयोग नाही. घरीच मोजा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, पूर्ण वजन त्या पायावर द्या आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. काहींचं लांब बोट अंगठा नसून त्याच्या शेजारचं असतं. दोन्ही पाय मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोजायची वेळ संध्याकाळची ठेवा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाची. मग चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवा.

लांबी २३.७ आली तर काय घ्यायचं? बहुतेकींना वाटतं, २४.५ घेऊ, जरा मोकळं बरं. ट्रेकिंगच्या बुटांची ही सवय इथे आड येते. राजगड उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि ते तिथे योग्यच आहे. स्कीच्या बुटात पाय पुढे सरकणंच चुकीचं आहे. उतरताना पाय आत हलला की तुम्ही वळवता एकीकडे आणि स्की जाते भलतीकडे. मग तो हलू नये म्हणून बोटं आकसून धरायची, आणि आकसलेल्या बोटांत रक्त नीट फिरत नाही. थंड पडलेल्या पायांचं कारण कितीदा तरी घट्ट बूट नसून सैल बूट असतं.

अर्ध्या मापाचं एक गुपित आहे. बहुतेक कंपन्या दोन मापांना मिळून एकच शेल, म्हणजे बाहेरचं कडक कवच, बनवतात, उदाहरणार्थ २४ आणि २४.५. फरक लायनरचा किंवा इनसोलच्या जाडीचा. कोणत्या दोन मापांची जोडी एकत्र येते ते कंपनीनुसार बदलतं, तेवढं विचारून घ्या. म्हणजे ‘अर्धा नंबर वाढवू का’ या चिंतेत अर्धा तास घालवावा लागत नाही.

शेलची परीक्षा

ही पायरी गाळली तर बाकीच्या सगळ्या फुकट. लायनर पूर्ण बाहेर काढा. उघड्या प्लास्टिकच्या शेलमध्ये पातळ मोजा घालून पाय सरकवा, बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकेपर्यंत. आता गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. टूरिंगसाठी दहा ते पंधरा मिलिमीटर उत्तम. आल्पाइन स्की चांगली येत असेल आणि घट्ट आवडत असेल तर दहाजवळ. लांब चढ आणि आराम हवा तर पंधराजवळ. वीसच्या पुढे गेलं की बूट मोठा, मग विक्रेता काहीही म्हणो. बोटाने अंदाज घेण्याऐवजी जाड मार्कर पेन खिशात ठेवा. त्याची जाडी आधी मोजलेली असली की झालं.

लांबी बसली की रुंदी. चवड्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक टेकतं का, घोट्याची हाडं कुठे लागतात, पायाच्या वरच्या फुगवट्यावर दाब येतो का, हे लायनर नसतानाच नीट कळतं. कंपन्या ही रुंदी मिलिमीटरमध्ये देतात, ९८ ते १०३ च्या दरम्यान कुठेतरी. पण तीही एका ठरावीक मापाची. तुमचा बूट त्यापेक्षा लहान तर रुंदीही कमी, मोठा तर जास्त.

आयुष्यभर चपला-सँडल घातलेल्या, घरात अनवाणी वावरलेल्या आपल्या पायांचा चवडा बऱ्याचदा पसरलेला असतो आणि टाच मात्र अरुंद. युरोपियन साच्यांत हे जमवणं कठीण. अशा वेळी नियम सोपा आहे: टाच धरणारा बूट घ्या, चवडा नंतर रुंद करता येतो. बूटफिटर शेल तापवून आतून ढकलतो, तेव्हा करंगळीच्या बुडाशी किंवा अंगठ्याच्या हाडाशी काही मिलिमीटर जागा सहज निघते. सैल टाच मात्र कोणी घट्ट करून देत नाही. लायनरवर पट्ट्या चिकटवून थोडं भागतं, तेवढंच. हे सगळं साध्या प्लास्टिकचं झालं. कार्बन मिसळलेलं किंवा फार पातळ शेल फिटरला हवं तसं वाकत नाही, म्हणून हाड बाहेर आलेलं असेल तर खूप महागडा, खूप हलका बूट टाळलेलाच बरा.

प्लास्टिकवरून आठवलं. पिस्टचे बूट पॉलियुरेथेनचे असतात, जड, आणि थंडीत कडक होणारे. टूरिंगचे ग्रिलामिड किंवा पेबॅक्सचे, हलके, आणि थंडीत कमी बदलणारे. यातल्या पेबॅक्स आर-न्यू नावाच्या प्रकाराचा कच्चा माल एरंडेल आहे. जगातल्या एरंडेलाचा मोठा वाटा भारताचा, त्यातही गुजरातचा. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं ते तेल आता आल्प्सच्या उतारावर पायात असतं.

‘वुमन्स’ लिहिलंय म्हणून घेऊ नका

बायकांच्या बुटात खरे फरक काय असतात? आपल्या पोटरीचा स्नायू सरासरीने खाली सुरू होतो, म्हणून कफ थोडा बुटका आणि वरून पसरट केलेला असतो. टाच अरुंद, आतली एकूण जागा कमी. हे फरक उपयोगी आहेत. कफ उंच आणि अरुंद असेल तर तो पोटरीला मागून ढकलतो, तुम्ही कायम पुढे वाकून उभ्या राहता आणि मांड्या पेटतात. मग दोष आपल्या स्टॅमिन्याला दिला जातो.

पण काही कंपन्या त्याच नावाखाली प्लास्टिक मऊ करतात, बकल साधं देतात आणि रंग बदलतात. एका दुकानात माझी उंची बघूनच सर्वांत मऊ बूट पुढे करण्यात आला होता, मी किती वर्षं स्की करते हे विचारायच्या आधी. अशा वेळी त्याच मॉडेलचा युनिसेक्स बूट तुमच्या मापात आहे का, विचारा. बरेच बूट २२.५ किंवा २३ पासून मिळतात. उलटही खरं आहे. पोटरी बारीक आणि चवडा रुंद असेल तर पुरुषांचा बूट जास्त नीट बसू शकतो. पायाला विचारा, पाटीला नको.

फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक. ९०, १००, ११०, १२० असे आकडे असतात. या आकड्यांना कोणतंही सामाईक प्रमाण नाही. एका कंपनीचा १०० दुसरीच्या ११० इतका असू शकतो. नवखी, वजनाने हलकी बाई ९० ते १०० मध्ये खूश राहते. जोरात उतरणारी किंवा अंगाने भक्कम असेल तिने ११० आणि वर बघावं. मऊपणाचा मोह नको, पण अति कडक हलका बूट तर त्याहून वाईट: तो हळूहळू वाकत नाही, वाकता वाकता एकदम भिंत येते आणि नडगीवर आदळतो. दुकानातल्या उबेत बूट थोडा मऊ वाटतो हेही ध्यानात ठेवा.

स्कीशीही मेळ हवा. अकराशे ग्रॅमचा बूट शंभर मिलिमीटर रुंदीच्या जड स्कीला नीट वळवू शकत नाही. कमरेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ८० ते ९० मिलिमीटरची स्की त्याची खरी जोडीदार.

तळवा आणि बाइंडिंग: इथे चूक महागात पडते

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात बुटाच्या टोकाला दोन बाजूंनी पिना धरणारं बाइंडिंग बनवलं आणि पुढे डायनाफिटने ते बाजारात आणलं. आज हलकं टूरिंग म्हणजे तेच. बुटाच्या पुढे दोन्ही बाजूंना धातूचे खळगे आणि टाचेला धातूची खाच असेल तर तो पिन बाइंडिंगचा बूट.

मात्र हाच बूट पिस्टच्या भाड्याच्या स्कीवर चालेलच असं नाही, बहुधा चालत नाही. पिस्टच्या बुटाचा तळ आयएसओ ५३५५ प्रमाणाचा, सपाट आणि कडक. टूरिंगचा आयएसओ ९५२३, रबराचा आणि चालायला वळवलेला. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा केलेला पिस्टच्या बुटाचा तळ, याचं प्रमाण तिसरंच, आयएसओ २३२२३. त्यावर काही अतिहलक्या बुटांना तर पुढची ओठासारखी कडाच नसते. न जुळणाऱ्या बाइंडिंगमध्ये बूट बसला तरी पडल्यावर सुटेल याची खात्री नसते, आणि गुडघा तिथेच जातो. म्हणून ‘पिस्टवर पण हाच वापरेन’ असा विचार असेल तर फ्रीराइड गटातला, पिनांचे खळगे आणि ग्रिपवॉक तळ दोन्ही असलेला बूट घ्या, किंवा पिस्टचे जुने बूट ठेवा. मी दुसरा मार्ग सुचवेन. हलके बूट पिस्टच्या दिवसभराच्या माराला झिजतात आणि तुम्हालाही झिजवतात.

पुढची कडा नसेल तर आणखी एक अडचण: पुढे तारेची कडी असलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे बर्फावरचे टोकदार खिळे, त्यावर धरत नाहीत. हिमनदीवर जायचा बेत असेल तर बूट आणि क्रॅम्पॉन एकत्र घालून बघा.

बाइंडिंग आधीच असेल तर शेलवर कोरलेली तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये वाचा. नवा बूट दहा-पंधरा मिलिमीटरने वेगळा असला तर बाइंडिंग त्यात सरकतं का, की पुन्हा भोकं पाडावी लागतील, ते आधीच कळेल.

दुकानात दोन तास

शनिवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, वेळ ठरवून. सोबत न्या: गुडघ्यापर्यंतचे पातळ मेरिनो मोजे, एकच जोडी. जाड मोजा किंवा मोज्यावर मोजा म्हणजे सैल बुटाला दिलेली लाच. पायात वापरता तो इनसोल असेल तर तोही.

लायनर घालून बूट चढवा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकलं खालून वर लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती सुटली पाहिजेत. टाच उचलून बघा: चवड्यावर उभ्या राहिलात तरी ती आत उठता कामा नये. आता निदान वीस मिनिटं बूट काढू नका. दाब पसरलेला असेल तर ठीक, एका बिंदूवर दुखत असेल तर बूटफिटरला तो बिंदू दाखवा. मुंग्या यायला लागल्या तर बूट नको.

मग वॉक मोड. लीव्हर उघडा, वरचं बकल सोडा आणि जिना चढा-उतरा. दुकानात उतरण असेल तर तिच्यावर लांब पावलं टाका. जाड हातमोजे घालून लीव्हर आणि बकलं उघडता येतात का ते तपासा. वाऱ्यात माथ्यावर बोटं बधिर झालेली असताना बारीक कड्या आणि तारा म्हणजे शिक्षा असते. काही बुटांत एकाच हालचालीत कफ अडकतो आणि आवळलाही जातो. नवख्या बाईला हे फार सोयीचं पडतं. बोआची फिरती चकती पायाच्या वरच्या फुगवट्यावर दाब सारखा पसरवते, पण तार तुटली तर डोंगरात तुमच्याकडे सुटी तार हवी.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येईल: घालून घालून सैल होईल. कोल्हापुरी चप्पल आधी चावते आणि मग पायाची होते, तसं इथे अर्धंच खरं आहे. लायनरचा फोम दबतो, काही दिवसांत बूट थोडा मोकळा होतो. शेल मात्र जन्मभर तेवढंच राहतं. म्हणून नव्या बुटात लायनरची घट्ट मिठी हवी, प्लास्टिकचा टोचा नको.

बूट पक्का झाला की लायनर तापवून पायाच्या आकाराचा करून देतात. त्याआधी घरी दोन-तीन संध्याकाळी बूट घालून बसा; परत द्यायचे असतील तर हीच वेळ. एकदा तापवले की बहुधा परत घेत नाहीत. तापवताना बोटांवर छोटी टोपी चढवायला सांगा, म्हणजे बोटांपुढे हवेची जागा राहते आणि पाय उबदार राहतात. बाहेर आलेल्या हाडांवर फोमचा तुकडा चिकटवायला लाजू नका. पायाची कमान खाली बसत असेल तर चांगला इनसोल घ्या. त्यावर घातलेले पैसे पन्नास ग्रॅम वाचवण्यावर घातलेल्या पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पैसे

चांगले नवे टूरिंग बूट युरोपात साधारण चारशे ते आठशे युरोंना पडतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत सवलती लागतात, पण तेव्हा २३ ते २४.५ ही मापं सर्वांत आधी संपलेली असतात. माप लहान असेल तर सवलतीची वाट बघण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षीचं मॉडेल शरद ऋतूत शोधा.

सुरुवातीला भाड्याने घेऊन बघा, दोन वेगळ्या गटांतले. आल्पेनफेराइन या जर्मन गिर्यारोहण संघटनेच्या म्यूनिक आणि ओबरलांड शाखा सभासदांना डोंगराचं सामान भाड्याने देतात. ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडं तिथून आणि बूट टूरिंगच्या दुकानातून, अशी जोडणी जमते. वापरलेले घेताना पिनांचे खळगे आधी बघा. कडा झिजून अंडाकृती झाल्या असतील तर सोडून द्या. मग तळाचं रबर, कफच्या खिळ्यांतली ढिलाई, प्लास्टिकवरच्या केसासारख्या भेगा. लायनर दबलेला असेल तर चालेल, तो नवा मिळतो, फक्त त्याची किंमत मनात धरून भाव करा.

भारतात गुलमर्ग किंवा औलीला जाणार असाल तर बूट सोबत न्या, सामानात जड झाले तरी. स्की जागेवर भाड्याने बघता येतील, पण लहान मापाचे, पायाला बसलेले टूरिंग बूट मिळतील या भरवशावर तिकीट काढू नका.

पहिल्या टूर

पहिली टूर छोटी ठेवा, चारशे-पाचशे मीटर चढाची, पिस्टच्या कडेने परवानगी असलेल्या वाटेने. टाचेला फोड येतो हे गृहीत धरा आणि निघण्यापूर्वीच चिकटपट्टी लावा, दुखायला लागल्यावर नाही. चढताना वरचं बकल सोडलेलं, पायावरचं जेमतेम धरलेलं. अगदी सगळं उघडं ठेवलं तर टाच वर-खाली घासते आणि फोड तिथूनच सुरू होतो. माथ्यावर आधी उबदार जॅकेट, मग स्किन्स, मग बूट आवळणं. आणि लीव्हर. उतार सुरू करण्यापूर्वी दोन्ही पायांचे लीव्हर बंद आहेत का ते हाताने चाचपून बघा.

बाइंडिंगमध्ये पाय घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी काठीच्या टोकाने खळग्यांतला बर्फ खरवडून काढा. गाडीच्या उबेतून बाहेर आलेल्या बुटावर बर्फ वितळतो आणि तिथेच पुन्हा गोठतो. मग पिना अडकल्यासारख्या वाटतात आणि पहिल्या वळणाला स्की सुटते.

घरी आलात की लायनर बाहेर काढून वाळवा, हीटरवर नाही; तापवून आकार दिलेला फोम तापल्यावर आकार सोडतो. हिवाळा संपल्यावर शेल पुसून, कोरडे लायनर आत घालून, बकलं हलकी लावून ठेवा. उघडी ठेवलीत तर प्लास्टिक फाकतं, आणि डिसेंबरात पाय आत गेल्यावर बकलं पुन्हा ओढून बसवावी लागतात.